होस्टेलची मुलं आणि मोबाइलवरचा जुगार: कर्ज फेडलं तरी सुटत का नाही?

जुना_रेक्टर

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, आज बसलोच.

अकरा वर्षं पुण्यात मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो, आता निवृत्त आहे. दारू पाहिली, गांजा पाहिला, मारामाऱ्या सोडवल्या. या गोष्टी कळून येतात. वास येतो, डोळे दिसतात, जिन्यात आरडाओरडा होतो. जुगाराचं तसं नाही. मुलगा पलंगावर आडवा पडलेला असतो, हातात फोन. मजल्यावरच्या सगळ्याच मुलांच्या हातात असतो तसाच.

एका मुलाचं सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. मराठवाड्यातला, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. पहिली कुणकुण लागली ती मेसच्या मावशींकडून. "सर, तो पोरगा आठ दिस झाले रात्रीचा जेवायला येईना." चौकशी केली तर लॅपटॉप विकलेला. मजल्यावरच्या चौदा मुलांकडून उसने घेतलेले, कुणाकडून पाचशे, कुणाकडून दोन हजार. वर कर्ज देणारी तीन ॲप्स. सगळं मिळून एक लाख ऐंशी हजार. वडील आले. सोयाबीनचे हातात आलेले पैसे, थोडे मुलाच्या मामाकडून, असं करून माझ्या ऑफिसात बसून एकेकाचे चुकते केले. मुलाला आईची शपथ घ्यायला लावली. मुलगा ढसाढसा रडला. आम्हाला वाटलं, मिटलं.

चार महिन्यांनी पुन्हा नव्वद हजार.

या वेळी घरी फोन करायच्या आधी मी त्याला घेऊन गच्चीवर गेलो आणि म्हटलं, मला खेळून दाखवू नकोस, पण कसा असतो ते नीट सांग. त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. पडद्यावर एक विमान असतं. ते उडायला लागलं की बाजूला आकडा चढतो. एक, एक पूर्णांक दोन, दीड, दोन. विमान अचानक निघून जातं. त्याआधी बटण दाबलं तर लावलेले पैसे त्या आकड्याच्या पटीत मिळतात, नाही दाबलं तर गेले. सगळा खेळ काही सेकंदांचा. लगेच पुढचं विमान. मी विचारलं, "अरे, पण हरतोयस हे कळत नाही का?" तो म्हणाला, "कळतं सर. पण विमान वर जात असताना डोक्यात दुसरं काहीच नसतं. तेवढंच बरं वाटतं."

तेवढंच बरं वाटतं. हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

मग विचारलं, खेळायला बसायच्या आधी काय झालेलं असतं? बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, घरून फोन आलेला असतो. रोज साडेआठला आईचा फोन. "जेवलास का, अभ्यास काय म्हणतोय?" याचे दोन विषय राहिलेले, ते घरी माहीत नाही. हा "सगळं चांगलं चाललंय" म्हणतो, फोन ठेवतो आणि त्याच फोनवर ते ॲप उघडतो. मेसची वेळ साडेआठ ते साडेनऊ. मावशींना जे दिसलं होतं ते हेच.

पहिल्या वेळी आम्ही सगळ्यांनी त्याला पैशांबद्दलच विचारलं. किती, कुणाचे, कधीचे. त्या साडेआठच्या फोनबद्दल कुणी विचारलं नाही. पैशाचं भगदाड बुजवलं, पण रोज रात्री फोन ठेवल्यावर पोटात जो गोळा येतो त्याचं काय करायचं, हे त्याला ना आम्ही शिकवलं ना घरच्यांनी. त्याच्याकडे त्यावर एकच औषध होतं.

इथे डॉक्टर, शिक्षक, पालक, विद्यार्थी सगळेच आहेत. अनुभव लिहा. तुमच्या घरातलं असेल तर नाव न सांगता लिहा.

सातारची_मी

सर, तुमचं वाचून हात थरथरले. मी आजवर हे माझ्या सख्ख्या बहिणीलासुद्धा सांगितलेलं नाही.

माझा मुलगा पुण्यात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मी तीन वेळा पैसे भरले. पहिल्यांदा पस्तीस हजार, त्याच्या बाबांना न सांगता, भिशीतले. दुसऱ्यांदा पाटल्या मोडल्या. तिसऱ्यांदा बाबांना कळलं, त्यांनी हात उचलला. त्यानंतर मुलगा घरात आमच्याशी बोलायचा बंद झाला. जेवायला येतो, ताट उचलून ठेवतो, खोलीत जातो. दर वेळी मी पैसे देताना म्हणायचे, "हे शेवटचे." तोही म्हणायचा, "आई, शेवटचे." आम्ही दोघंही खरंच बोलत होतो.

मला एवढंच कळत नाही, लहानपणी हा मुलगा किती हळवा होता. कुत्र्याचं पिल्लू मेलं तर दोन दिवस जेवला नव्हता. असा मुलगा या नादाला कसा लागला?

निशिगंध

ताई, आधी तुम्हाला एक सांगते. इथे लिहिलंत ते फार मोठं काम केलंत. तुमचा शेवटचा प्रश्न मी धरून ठेवते, कारण त्याचं उत्तर त्याच्या हळवेपणातच आहे.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, बारा वर्षं तरुण मुलांबरोबर काम करते. थोडं सविस्तर लिहिते, सांभाळून घ्या.

जुगाराच्या आजाराला मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात १९८० साली जागा मिळाली, पण ती 'आवेग न आवरण्याच्या' विकारांत. आग लावण्याची किंवा चोरीची ऊर्मी येते त्यांच्या शेजारी. त्याच वर्गीकरणाच्या २०१३ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीने, म्हणजे डीएसएम-५ने, त्याला तिथून उचलून दारू आणि इतर व्यसनांच्या प्रकरणात नेलं. पदार्थ पोटात जात नसूनही व्यसन म्हटला गेलेला तो त्या प्रकरणातला पहिला विकार. तिथे नऊ लक्षणं दिली आहेत, वर्षभरात त्यांतली चार दिसली तर निदान होतं. त्या नवांतलं एक सरांच्या मुलाला शब्दशः लागू पडतं: मन अस्वस्थ असताना, म्हणजे असहाय, अपराधी, चिंतित किंवा खिन्न वाटत असताना, खेळणं. आणखी एक म्हणजे हरलेले परत मिळवायला दुसऱ्या दिवशी पुन्हा येणं. मुलं याला 'रिकव्हर करणं' म्हणतात. "एकदा रिकव्हर झालं की बंद" हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता ते ऐकलं की मी वही उघडते.

आता हळवेपणाचं. ब्लाश्चिन्स्की आणि नॉवर या दोन संशोधकांनी २००२ साली असं मांडलं की माणसं या आजाराकडे तीन वाटांनी येतात. काही जण नुसत्या सवयीने अडकतात. मित्र खेळतात, सुरुवातीला जिंकतात, चटक लागते. त्यांना आधी काहीही त्रास नसतो; जी चिंता आणि उदासी दिसते ती हरल्यानंतरची. दुसरे असे की त्यांच्या मनात आधीच काही दुखत असतं आणि जुगार हा त्यावरचा लेप असतो. तिसरे मुळातच फार उतावळे, जोखमीकडे ओढले जाणारे. वरून तिघं सारखेच दिसतात, कर्जही सारखंच असतं. पण पहिल्याला खेळापासून तोडलं की बराच फरक पडतो. दुसऱ्याला नुसतं तोडलं, तर त्याच्या हातातली काठी काढून घेतल्यासारखं होतं. ताई, तुमचा मुलगा मला या दुसऱ्या वाटेवरचा वाटतो. न भेटता ठामपणे म्हणणार नाही.

भावना हाताळणं म्हणजे त्या दाबणं नव्हे. जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकात हा फरक फार नेमका दाखवला. भावना उसळण्याआधी प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने बघणं हे एक, आणि उसळलेली भावना चेहऱ्यावर येऊ न देणं हे दुसरं. दाबून ठेवली की चेहरा शांत दिसतो, पण आतली घालमेल कमी होत नाही, शरीर ताणलेलंच राहतं. आपल्याकडे मुलग्यांना हेच दुसरं शिकवलं जातं. "रडतोस काय बायकांसारखा" हे चौथीत ऐकलेलं असतं, एकोणिसाव्या वर्षी त्याचं व्याज भरावं लागतं.

आणखी एक, हे माझं स्वतःचं निरीक्षण. भावना हाताळण्यातल्या अडचणी मोजायला ग्राट्झ आणि रोमर यांनी २००४ साली केलेली एक प्रश्नावली आम्ही वापरतो, छत्तीस प्रश्नांची. तिच्यात एक भाग असा आहे की आपल्याला नेमकं काय वाटतंय हे माणसाला कळतं का. मुलं तिथे अडतात. विचारलं, काय वाटत होतं? "टेन्शन." परीक्षेची भीती, टेन्शन. मैत्रिणीने बोलणं सोडलं, टेन्शन. बापाची लाज वाटते, टेन्शन. रविवारी दुपारी होस्टेल रिकामं आणि जीव कुठेच लागत नाही, तेही टेन्शन. अहो, आपल्या आज्यांकडे यासाठी किती शब्द होते! हुरहूर, घालमेल, चरफड, कोंडमारा, खट्टू होणं, ओशाळणं, जिवाला घोर लागणं. प्रत्येकावर उपाय वेगळा. हुरहूर वाटली तर कुणाशी तरी बोलावं, चरफड झाली तर चार किलोमीटर चालून यावं, ओशाळं वाटलं तर जे लपवलंय ते सांगून टाकावं. सगळ्याचं एकच 'टेन्शन' झालं की उपायही एकच उरतो. मी मुलांना पहिले दोन आठवडे फक्त शब्द देते. खरंच सांगते, त्याने फरक पडतो.

खडूस_नागपूरकर

सगळं वाचलं. माफ करा, पण प्रत्येक गोष्टीला आजार म्हणायचं म्हणजे जबाबदारी कुणाचीच नाही असं होतं. आमच्या वेळी मटका होता. कल्याणचा, वरळीचा. गल्लीत चिठ्ठी घेणारा बसायचा. आमच्या वडिलांचा धाक होता, म्हणून आम्ही त्या कोपऱ्यावर उभेसुद्धा राहिलो नाही. आता तर सरकारने कायदाच करून बंदी आणली. शिस्त लावा, फोन काढून घ्या.

तात्पुरता_सदस्य

नागपूरकर काका, तुमचा राग समजतो. मीच तो मुलगा आहे ज्याचा फोन काढून घेतला होता. रूममेट अंघोळीला गेला की त्याचा फोन घेऊन खेळायचो. फक्त हे लिहायला इथे नवीन खातं उघडलंय.

आता मी सव्वीस वर्षांचा आहे, नोकरी करतो, शेवटचा पैसा लावून दोन वर्षं पाच महिने झाले. कॉलेजात क्रिकेटवर लावायचो. त्याला कुठलंही ॲप लागत नाही. सीनियरने व्हॉट्सअ‍ॅपवर एक नंबर दिला, त्या माणसाने 'आयडी' दिला. आयडी म्हणजे एका वेबसाइटचं युजरनेम आणि पासवर्ड. पैसे यूपीआयने कुठल्यातरी अनोळखी नावाच्या खात्यावर टाकायचे, पाच मिनिटांत आयडीत पॉइंट येतात. मॅच कोण जिंकणार यावर कमीच लावतात. सहा ओव्हरमध्ये किती रन होणार, याला सेशन म्हणतात, पोरं त्यावर जातात. आयपीएलच्या दोन महिन्यांत एकही संध्याकाळ रिकामी नसते.

निशिगंधताईंनी दुःखाचं लिहिलं, ते खरं आहे. त्यात माझं एक जोडतो. मी खूश असलो की जास्त लावायचो. कॅम्पसमध्ये सिलेक्शन झालं त्या रात्री सगळे पार्टी करत होते. मला वाटत होतं आज माझा दिवस आहे, आज हात लावू त्याचं सोनं. त्या एका रात्रीत बेचाळीस हजार गेले. सकाळी आईने पेढे वाटल्याचा फोटो पाठवला होता. तो फोटो मी वर्षभर उघडला नाही. त्यामुळे फक्त उदास मुलांकडे लक्ष ठेवू नका. मला कुठलीच भावना सहन व्हायची नाही, चांगलीसुद्धा.

आणि एक, 'थोडक्यात हुकलं' हे हरल्यासारखं वाटतच नाही. सेशन अठ्ठेचाळीसचं आणि सत्तेचाळीस झाले, तर डोकं म्हणतं, तू बरोबरच होतास.

निशिगंध

दादा, तुम्ही जे लिहिलंत त्या दोन्ही गोष्टी अभ्यासांत आढळलेल्या आहेत. आनंदाच्या भरात बेभान होण्याला वेगळं नाव आहे, आणि तरुणांच्या जुगाराशी त्याचं नातं दिसलेलं आहे. आम्हीही कित्येकदा फक्त उदासीच विचारतो आणि तिथे चुकतो. थोडक्यात हुकण्याबद्दल ल्यूक क्लार्क यांच्या गटाने २००९ साली मेंदूची छायाचित्रं घेऊन दाखवलं होतं की जिंकल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात त्यांतले काही थोडक्यात हरल्यावरही जागे होतात, आणि त्या क्षणी अजून खेळावंसं वाटतं. त्यात भर म्हणजे जिंकणं कधी येईल याचा नेम नसतो. बक्षीस दर दहाव्या वेळी मिळालं असतं तर माणूस कंटाळला असता. कधीही मिळू शकतं म्हणून हात थांबत नाही.

खडूसजी, जबाबदारी मुलाचीच आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी सगळ्या देण्यांची यादी करावी लागते, स्वतःच्या हाताने. आजार म्हटलं म्हणजे माफ केलं असं होत नाही. मधुमेह झालेल्यालाही पथ्य स्वतःच पाळावं लागतं.

वकील_दादरचा

कायद्याचं थोडं स्पष्ट करतो, कारण गैरसमज बराच आहे. आपल्याकडे १८८७ सालचा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आहे, तो अड्ड्यांसाठी केलेला. फोन आल्यावर 'हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा' यावर कोर्टांत वर्षानुवर्षं वाद चालले, कारण कौशल्याच्या खेळाला सूट होती. मग ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि हा फरकच पुसून टाकला. पैसे लावून खेळायचा कुठलाही ऑनलाइन खेळ चालवायला बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. बँकांनी असे व्यवहार करू द्यायचे नाहीत. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, आणि ते योग्यच आहे. पालकांनी हे मुलाला जरूर सांगावं. "पोलिसात जाशील" या भीतीने मुलं मदत मागत नाहीत.

या कायद्याने टीव्हीवरचा रोजचा मारा थांबला, याचं मला समाधान आहे. पण वर 'आयडी'चं जे लिहिलंय तो धंदा आधीही बेकायदाच होता आणि सर्व्हर परदेशात. तो कायद्याच्या एका फटक्यात बंद होत नाही.

कर्जाच्या ॲपवाल्यांनी फोनमधल्या नंबरांवर मेसेज टाकायची धमकी दिली तर पैसे भरण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार करा. सगळे स्क्रीनशॉट जपून ठेवा.

पणजीकर

आमच्या मांडवीत कॅसिनोच्या बोटी कित्येक वर्षं उभ्या आहेत. शनिवार-रविवारी पुण्या-बेळगावची कॉलेजची पोरं घोळक्याने येतात. पण एक बघितलंय, बोटीवर जायला माणसाला कपडे करावे लागतात, तिकीट काढावं लागतं, परत किनाऱ्यावर यावं लागतं. तेवढ्या वेळात एखाद्याचं मन फिरतं. पांघरुणात फोन घेऊन पडलेल्याला हा किनारा कुठला?

मँचेस्टरहून

इथे एमएस करतोय. पणजीकरांच्या मुद्द्याला धरून लिहितो. इंग्लंडमध्ये हे सगळं कायदेशीर आहे, अठराव्या वर्षापासून. बेटिंगची दुकानं हमरस्त्यावर असतात. पण मन फिरायला वेळ मिळावा म्हणून काही आडकाठ्या इथे मुद्दाम घातल्यात. एप्रिल २०२०पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळता येत नाही. गॅमस्टॉप नावाच्या यादीत स्वतःचं नाव घातलं की परवाना असलेल्या एकाही साइटवर सहा महिने, वर्ष किंवा पाच वर्षं प्रवेश मिळत नाही, मध्येच मन बदललं तरी. आणि २०२५च्या मे महिन्यापासून १८ ते २४ वयाच्यांना ऑनलाइन स्लॉटवर एका वेळी दोन पौंडांहून जास्त लावता येत नाही. मोठ्यांना पाच. म्हणजे या वयाचा मेंदू वेगळा असतो हे कायद्यानेच मान्य केलं.

तरीही आपली मुलं अडकतात, हे डोळ्यांनी पाहतोय. वीस तासांची पार्ट-टाइम नोकरी, चार वाजता अंधार, गणपतीत घरी व्हिडिओ कॉलवर आरती ऐकायची आणि मग रिकाम्या खोलीत बसायचं. शैक्षणिक कर्जाचे हिशेब रात्री झोपू देत नाहीत. इथे घरी कळायचीही शक्यता नाही. माझा एक वर्गमित्र फीचा हप्ता घालवून बसला आणि आम्हाला तीन महिने 'बँकेचा घोळ' सांगत होता.

आजोबा_वाई

मी संस्कृतचा निवृत्त शिक्षक. नागपूरकरांनी धाकाचं म्हटलं म्हणून लिहितो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावं सूक्त जुगाऱ्याचं आहे. तो स्वतःच बोलतो. आता खेळायचं नाही असं ठरवतो, सोबती पुढे निघून जातात तसा मागे राहतो, आणि पटावर फाशांचा आवाज झाला की उठून चालू लागतो. बायको दुरावली, सासू तोंड बघत नाही. आईबाप आणि भाऊ म्हणतात, आम्ही याला ओळखत नाही, बांधून घेऊन जा. कर्ज झालेला तो भीत भीत रात्री दुसऱ्यांच्या घरी जातो. ही अवस्था तेव्हाही लोकांनी इतक्या जवळून पाहिली होती. त्या काळी धाक कमी होता असं कोण म्हणेल? सरांच्या होस्टेलमधल्या चौदा मुलांकडच्या उसनवारीचं वाचलं आणि मला तोच माणूस रात्री दारोदार जाताना दिसला.

खडूस_नागपूरकर

आजोबा, नमस्कार. फोन काढून घेण्याचं माझं बोलणं मागे घेतो. तात्पुरता_सदस्य, तू सुटलास कसा, ते लिही. माझा पुतण्या हैदराबादला शिकतो. तीन महिन्यांत दोनदा पैसे मागितले त्याने. फीचं कारण सांगितलं.

तात्पुरता_सदस्य

काका, लिहितो. 'सुटलो' म्हणत नाही, आज खेळलो नाही एवढंच म्हणतो.

पहिली गोष्ट, मोठ्या बहिणीला सगळा आकडा सांगितला. सगळा. याआधी दोन वेळा मी निम्माच सांगितला होता. उरलेला निम्मा मनात राहतो आणि तो फेडायला म्हणून माणूस पुन्हा खेळतो. ताईने पैसे दिले नाहीत. ती म्हणाली, "देणं तुझं, तूच फेडायचं, पण बसून हिशेब आपण दोघं करू." पगारातून हप्ते पाडले. अजून चालू आहेत. माझा पगार तिच्या खात्यात जातो, यूपीआयची मर्यादा दिवसाला पाचशे. सुरुवातीला फार अपमान वाटायचा.

दुसरी गोष्ट तलफेची. समुपदेशकांनी सांगितलं होतं की तलफ ही लाटेसारखी असते, वर जाते आणि आपोआप खाली येते. तुम्ही काही करायचं नाही, फक्त बघायचं. मला खोटं वाटलं. मग एका मॅचच्या रात्री घड्याळ लावून बसलो. छाती धडधडत होती, तळहात ओले, जबडा आवळलेला. हे सगळं वहीत लिहीत गेलो. आठ वाजून दहा मिनिटं, जबडा. आठ एकोणीस, पोटात खड्डा. आठ अठ्ठावीसला लक्षात आलं की मी दोन मिनिटं कँटीनवाल्याच्या कुत्र्याचा विचार करतोय. लाट गेली होती. खेळलो नाही तर आपण मरत नाही हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. हसू नका, पण खरंच तसं वाटायचं.

मधे एकदा घसरलो. आठ महिन्यांनी, आजी गेली तेव्हा. चार हजार. त्याच रात्री ताईला फोन केला, लपवलं नाही. समुपदेशक म्हणाले, घसरलात त्यापेक्षा त्याच रात्री सांगितलंत हे मोठं आहे.

निशिगंध

हे वाचून डोळे भरून आले.

त्या लाटेची पद्धत ॲलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने व्यसनांच्या उपचारात रुजवली. ती एकटी पुरत नाही. विचार आणि वर्तनावर काम करणारी उपचारपद्धती जुगारात सगळ्यात जास्त तपासली गेली आहे. बरोबर उदासी किंवा चिंता असेल तर मानसोपचारतज्ज्ञ औषधंही देतात.

आता एक गोष्ट सगळ्या पालकांनी नीट वाचा. या आजारात जीव देण्याचे विचार येण्याचं प्रमाण फार असतं, आणि ते बहुधा कर्ज उघडकीला येण्याच्या आसपास येतात. म्हणून ज्या दिवशी घरी कळतं त्या दिवशी मुलाला एकटं सोडू नका. सरळ विचारा, "तुझ्या मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का?" विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर थेट जवळच्या रुग्णालयात न्या. पुण्यात व्यसनमुक्तीसाठी मुक्तांगण १९८६पासून आहे, बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत फोन-इंटरनेटच्या व्यसनांसाठी वेगळं क्लिनिक आहे. आणि जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. तुमच्या कॉलेजात नसेल तर मागा.

सातारची_मी

निशिगंधताई, सगळं दोनदा वाचलं. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्याचं देणं अजून साठ हजार आहे असं तो म्हणतो. मी पैसे देऊ नयेत का? आणि त्याचे बाबा अजून त्याच्याशी बोलत नाहीत, त्यांना काय सांगू?

निशिगंध

ताई, साठ हजार हा पूर्ण आकडा आहे का, ते आधी बघा. त्याच्या शेजारी बसून, न रागावता. पैसे देऊ नका असं मी सरसकट म्हणत नाही. धमक्या येत असतील तर तेवढं तातडीचं तुम्ही थेट त्या माणसाला भागवा, मुलाच्या हातात रोख देऊ नका. बाकीचं त्याने हप्त्याने फेडावं. यात शिक्षेचा भाग नाही. दर महिन्याला हजार फेडले की दर महिन्याला त्याची मान थोडी वर होते.

आणि बाबांना एवढंच सांगा की हात उचलल्याबद्दल त्यांना मनातून जे वाटतंय ते त्याला बोलून दाखवा. बापाला लाज वाटली आणि त्याने ती तोंडाने सांगितली, हे त्या मुलाने अजून कधी पाहिलं नसेल.

सातारची_मी

वाटतंय खरं त्यांना. त्या दिवसापासून तेही नीट जेवत नाहीत.

जुना_रेक्टर

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. आजोबा, ते सूक्त मी शोधून वाचतो.

बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलंय की त्या मुलाचं पुढे काय झालं. दुसऱ्या वेळी आम्ही त्याच्या आईला बोलावून घेतलं. माझ्या ऑफिसात त्याने तिला पैशांचं सांगायच्या आधी राहिलेल्या दोन विषयांचं सांगितलं. त्या माउलीला काही कळेना. म्हणाली, "एवढंच व्हय? मला वाटलं तुझं काय झालं." मुलगा खाली बसला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. नंतर त्याने दीड वर्ष उपचार घेतले. मध्ये एकदा घसरला. एक वर्ष मागे पडला, पण डिग्री झाली. आईचा फोन अजूनही साडेआठलाच असतो.

मी दर गुरुवारी संध्याकाळी जुन्या वसतिगृहाच्या वाचनालयात जाऊन बसतो. आजी-माजी मुलं येतात, कधी दोन, कधी सात. मी डॉक्टर नाही, उपदेशही करत नाही. ज्याला बोलायचं तो बोलतो, बाकीचे ऐकतात.

तात्पुरता_सदस्य

सर, मी पुण्यातच असतो. आलो तर चालेल का?

सातारची_मी

सर, माझ्या मुलालाही पाठवलं तर? एकटा येणार नाही तो, मी बरोबर येईन. मी बाहेर बसेन.

जुना_रेक्टर

दोघांनाही पत्ता व्यनि केला आहे. सात वाजता. ताई, बाहेर बाक आहे, तिथे चहा पाठवतो.

सातारची_मी

मिळाला पत्ता. सव्वातीनच्या एसटीने निघतो.